भूगोलाच्या डब्यातलं तळं

उतेकर सर,

तुमच्या जाण्यानं सावित्रीच्या खोऱ्यात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. हे वाक्य माझं नाही. पोलादपूरच्या नाक्यावर तुमचा फोटो घालून जो फलक लावलाय, त्यावर ते आहे. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्या अठ्ठावीस जणांचे फोटो आहेत, त्यातले बरेचसे तुमच्या फोटोपेक्षा मोठे. मी ते वाक्य दोनदा वाचलं. दोन डोंगररांगांमधल्या पोकळीलाच खोरं म्हणतात, हे तुमच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तिकेत भूगोलाच्या पहिल्याच पानावर दिलेलं आहे. म्हणजे पोकळी आधीपासूनच होती. तुम्ही असतात तर फलकवाल्याला बोलावून घेतलं असतंत आणि उभं करून विचारलं असतंत.

तेराव्याला आलो होतो तेव्हा तुमच्या मुलानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, काका, बाबांच्या आठवणीत पुस्तिकेची नवी आवृत्ती काढतोय, प्रुफं तुम्हीच बघा, पण काही बदलू नका, त्यांचं आहे तसंच राहू दे. आणि सुरुवातीला चार ओळी लिहा, चांगल्या. 'चांगल्या'वर त्यानं जरा जोर दिला, कारण तो मला लहानपणापासून ओळखतो. चार ओळी मी दिल्या. त्यांत 'व्यासंगी' आहे, 'ज्ञानतपस्वी' आहे, शेवटी 'अजातशत्रू'सुद्धा आहे. हे बाकीचं, तिथं न मावलेलं.

अजातशत्रू तुम्ही नव्हतात. निदान एक होता, आणि तो तीस वर्षं तुमच्या उजव्या हाताला बसून गुण लिहीत होता.

लोकांना वाटायचं आपली जोडी आहे. हायस्कूलचे उतेकर सर आणि जिल्हा परिषद शाळेचे जाधव गुरुजी. दर जानेवारीत महाडच्या त्या हॉलमध्ये दोन तालुक्यांतल्या शाळा जमायच्या. स्टेजवर टेबल, टेबलावर बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे. डब्यांवर तुम्ही स्वतः ऑइलपेंटनं लिहिलेलं: इतिहास, साहित्य, भूगोल, धर्म. मुलानं डबा निवडायचा, चिठ्ठी काढायची, ती तुम्ही वाचायची, उत्तर बरोबर आलं की मान हलवायची आणि मी दहा लिहायचे. मान हलली नाही की शून्य. पाच गुण, सात गुण असलं काही तुमच्याकडे नव्हतं. अर्धवट ज्ञान तुम्हाला मान्य नव्हतं. तुमच्याकडे जे होतं ते पूर्ण होतं, अशी तुमची समजूत होती.

आणि तुमचा तो नियम. ज्या डब्यातली चिठ्ठी, त्या डब्यातलं उत्तर. गंगा कुठून येते, हा प्रश्न भूगोलाच्या डब्यातही होता आणि धर्माच्याही. भूगोलात निघाला तर गंगोत्री. धर्मात निघाला तर शंकराच्या जटेतून. बिरवाडीच्या एका मुलानं धर्मातली चिठ्ठी काढून गंगोत्री म्हटलं, आणि तुम्ही त्याला शून्य दिलंत. पुढच्या वर्षी तो तयारी करून आला, त्याला तोच प्रश्न भूगोलात लागला आणि तो जटेतून म्हणाला. पुन्हा शून्य. तो मुलगा आता बांधकाम खात्यात आहे आणि त्याला पाण्याची लाईन कुठून येते हे विचारलं की तो तेव्हा तुमच्याकडे बघायचा त्याच नजरेनं आधी साहेबाकडे बघतो, असं ऐकून आहे.

शिवथरची घळ मात्र तुमच्या चारही डब्यांत होती. इतिहासात तिथं कोण राहिलं, साहित्यात तिथं काय लिहिलं गेलं, भूगोलात शेजारचा धबधबा, धर्मात दर्शन. माझी काही हरकत नव्हती. घळ चांगली आहे, मीही सहली नेल्यात. मी फक्त एवढंच विचारलं होतं की घळीला चारही डब्यांत जायची मुभा असेल, तर तळ्याला एकच डबा का.

कारण चवदार तळं तुम्ही भूगोलात ठेवलं होतंत. 'चवदार तळे कशासाठी प्रसिद्ध आहे?' आणि चिठ्ठीच्या मागे तुमच्या सुबक अक्षरात उत्तर: 'बारमाही पाण्यासाठी.'

ते पाणी बारमाही आहे की नाही हे मी कधी तपासलं नाही. असेल. पण दर मार्चमध्ये महाडात पाय ठेवायला जागा नसते, एसटीच्या जादा गाड्या लागतात, लोक लेकरं खांद्यावर घेऊन येतात. ते सगळे पाण्याची पातळी बघायला येत नाहीत, एवढं तुमच्याही लक्षात आलं असणार. तुम्ही त्या दिवसांत महाडला यायचं टाळायचात.

पहिल्या वर्षी मी तुम्हाला म्हटलं की ही चिठ्ठी इतिहासात हवी. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, जाधव, तळं म्हणजे पाणी, पाणी म्हणजे भूगोल, यात वाद कसला. वाद नव्हताच. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी डबे कपाटात ठेवायचं काम माझ्याकडे असायचं. मी ती चिठ्ठी भूगोलातून काढून इतिहासात टाकली, मागचं उत्तर खोडून खरं लिहिलं. सकाळी तुम्ही डबे तपासलेत, चिठ्ठी सापडली, नवी चिठ्ठी केलीत, भूगोलात ठेवलीत. मला काही बोलला नाहीत. पुढच्या वर्षी मी पुन्हा हलवली. तुम्ही पुन्हा परत नेलीत. असं किती वर्षं चाललं, सर? दोन शिकलेली माणसं, एक चिठ्ठी, आणि एका शब्दानं उल्लेख नाही. संसदेत असतो तर निदान इतिवृत्त तरी राहिलं असतं.

एक गोष्ट माझ्या बाजूची सांगून टाकतो. महाडात आमच्यातल्या ज्याला विचाराल त्याचे आजोबा सत्याग्रहाच्या दिवशी तळ्यावर होते. सगळ्यांचे धरले तर तळ्याच्या काठावर तेवढी माणसं मावणार नाहीत. माझे आजोबा नव्हते. ते तापानं फणफणून घरी पडले होते. हे त्यांनी जन्मभर कुणाला सांगितलं नाही. ते गेल्यावर आजीनं सांगितलं. तेव्हा माझा तुमच्याशी वाद घराण्याच्या अभिमानाचा नव्हता. आमच्या घराण्याला त्या दिवशी ताप होता.

चहाचंही सांगतो. तीस वर्षांत तुम्ही माझ्या घरी अकरा वेळा आलात, आणि अकराही वेळा आत्ताच चहा घेऊन आला होतात. पोलादपूरहून निघालेला माणूस वाटेत इतका चहा पितो आणि तरी शांत झोपतो, याचं माझ्या बायकोला शेवटपर्यंत नवल वाटायचं. ती पाणी आणून ठेवायची. तुम्ही पेल्याकडे बघून तिच्या तब्येतीची चौकशी करायचात. तुम्ही वाईट वागलात असं कुणाला म्हणता येऊ नये, याची तुम्ही फार काळजी घ्यायचात.

आता त्या वर्षाचं. एकोणीस वर्षं झाली. आदल्या दिवशी पुतण्याची हळद होती, मी डबे घाईत कपाटात टाकले आणि गेलो. चिठ्ठी हलवायची राहिली. तुम्हाला त्या सकाळी भूगोलाचा डबा उघडून नवल वाटलं असेल.

शेवटची फेरी. एका बाजूला महाडची इंग्रजी शाळा, दुसऱ्या बाजूला पोलादपूरकडच्या एका वाडीतली सुजाता, नववीतली, दोन वेण्या, पायात भावाचे बूट. दोघांचे गुण सारखे. तिनं भूगोल निवडला, कारण नद्या आणि घाट तिला तोंडपाठ होते. चिठ्ठी निघाली. तुम्ही वाचलीत. आणि सुजाता हसली. इतका सोपा प्रश्न आपल्याला लागेल असं तिला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "तिथलं पाणी आमच्या माणसांनी पहिल्यांदा हक्कानं प्यालं, म्हणून."

तुम्ही चिठ्ठी उलटी केलीत, उत्तर तुमचंच असूनही वाचलंत, आणि म्हणालात, "चूक. बारमाही पाण्यासाठी."

तिचे शिक्षक उभे राहिले. तुम्ही परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो म्हणालात. ते बसले. ती बसली नाही. तिनं विचारलं, "सर, बारमाही पाणी तर आमच्या वाडीच्या विहिरीला पण हाय. ती कशी नाय प्रसिद्ध?"

मागची पोरं हसली. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "शून्य लिहा, जाधव."

मी लिहिलं.

पेन माझं होतं, वही माझ्यासमोर होती, उत्तर बरोबर आहे हे त्या हॉलमध्ये मला सगळ्यांत जास्त माहीत होतं. मी पेन खाली ठेवू शकत होतो. इतकी वर्षं चोरून चिठ्ठ्या हलवणारा माणूस उजेडात एक आकडा हलवू शकला नाही. शून्य मी चांगलं गोल काढलं. तिला दुसरा नंबर मिळाला, कंपासपेटी मिळाली. करंडक इंग्रजी शाळेत गेला. तुमच्यावरचा माझा राग तेव्हापासूनचा आहे. त्यातला निम्मा माझा माझ्यावरचा आहे, पण तुम्ही आता बोलू शकत नाही, म्हणून सगळा तुमच्या नावावर लिहितोय.

खोटं बोलायचं नाही म्हणून हेही लिहितो. ते चार डबे तुम्ही नुसते हॉलमध्ये नाही मांडलेत. आंबेनळी घाटाच्या अंगाला, जिथं गाडी जात नाही, तिथल्या एकशिक्षकी शाळांत तुम्ही ते पिशवीत घालून चालत नेलेत. मी बरोबर होतो, माझे पाय दुखायचे आणि तुमचे दुखत नाहीत याचा मला राग यायचा. नकाशा न पाहिलेल्या पोरांना तुम्ही जमिनीवर काडीनं महाराष्ट्र काढून दाखवायचात, आणि तो चांगला यायचा. त्याच डब्यांतल्या प्रश्नोत्तरांची पुस्तिका तुम्ही सगळ्या शाळांना फुकट वाटलीत, आमच्या वाडीतल्यासुद्धा. एखादं पुस्तक शेवटच्या सूचीपासून कसं वाचायचं, हे मला बीएडच्या कॉलेजनं नाही, तुम्ही शिकवलंत. एवढं शिकवणाऱ्याचा राग करणं अवघड जातं. मी ते मेहनतीनं केलं.

सुजाता एसटीत कंडक्टर झाली. महाड–पोलादपूर गाडीवर. तुम्ही दर सोमवारी छापखान्यात यायचात, ती ड्युटीवर असली तर पुढची सीट तुम्हाला रिकामी करून द्यायची. "सर, बसा." त्यापुढे काही नाही. तुम्ही सबंध रस्ताभर खिडकीबाहेर सावित्री बघायचात. ती नदी तुम्ही इतक्या वर्षांत पाहिली नसावी असं वाटायचं. मग तुम्हाला पंच्याहत्तर पूर्ण झाली आणि सरकारनं तुमच्या वयाच्या लोकांचा प्रवास मोफत केला. त्याचं तिकीटही निघतं, त्यावर शून्य रुपये छापलेलं असतं. पहिल्या दिवशी मी तुमच्या शेजारी होतो. तिनं मशीनमधून तिकीट काढलं, तुमच्या हातात दिलं आणि म्हणाली, "घ्या सर, शून्य." योजना सरकारची होती, हसू तिचं होतं. तुम्ही तिकीट घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलंत.

शेवटचं भेटलो ते तुमच्या घरी. तुम्ही पलंगावर, उशाशी पुस्तिकेची जुनी प्रत. तुमचा आवाज गेला होता, अहंकार जागेवर होता. मी ठरवून आलो होतो. म्हटलं, सर, नवी आवृत्ती निघेल तेव्हा तरी तळं इतिहासात घ्या. त्या मुलीला आपण चूक ठरवलं, एकदा तिला बोलावून सांगा.

तुम्ही पन्नास वर्षं शाळेत वापरलेली भाषा बाजूला ठेवून आपल्या पोलादपूरच्या बोलीत म्हणालात, "जाधव, ते भूगोलातच ऱ्हाऊ दे. माझा आजा पण हुता तिथं त्या दिवशी. दुसऱ्या बाजूला. काठी घेऊन."

मग तुम्ही म्हणालात, "इतिहासात टाकलं का तो येतो. भूगोलात कुणाचा आजा नाय."

तेवढ्यात तुमची सून चहा घेऊन आली. मी घेतला. तुमच्या घरी मी नेहमीच घ्यायचो. कप कुठला आहे ते बघायचो नाही, म्हणजे बघायचो नाही असं दाखवायचो. तुम्हाला काही उत्तर द्यायला हवं होतं. माझे आजोबा तापात पडले होते आणि तुमचे काठी घेऊन उभे होते, त्यांची गाठ काही पडली नाही, असं काहीतरी म्हणून तुम्हाला हलकं करता आलं असतं. मला तुम्हाला हलकं करायचं नव्हतं. मी चहा संपवला, गाडीची वेळ झाली म्हणालो आणि उठलो. गाडीला अजून पाऊण तास होता. त्यानंतर आठव्या दिवशी तुम्ही गेलात. हे कुठं सांगू नका असं तुम्ही म्हणाला नव्हतात, म्हणून सांगतोय.

तेराव्याहून परतताना प्रुफं पिशवीत होती आणि गाडीवर सुजाता होती. तिनं माझं तिकीट काढलं आणि शेजारी बसली, गाडी रिकामीच होती.

"उतेकर सर गेले म्हणं."

"हो. एकोणऐंशी होतं वय."

"मंग भरपूर झालं," ती म्हणाली. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, आणि आनंदही नव्हता. मग स्वतःहून म्हणाली की एसटीच्या भरतीला ती तुमचीच पुस्तिका पाठ करून बसली होती. सामान्यज्ञानात तिचे सगळ्यांत जास्त गुण होते. तळ्याचा प्रश्न तिथं आलाच नव्हता.

मी पिशवीतून तळ्याच्या प्रश्नाचं पान काढलं. मुलगा काही बदलू नका म्हणतोय हे सांगितलं, आणि तरी मी हे बदलणार आहे, तळं इतिहासात नेणार आहे, उत्तर तुझं घालणार आहे, असंही सांगितलं. मला वाटलं ती खूश होईल. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिच्या बाजूनं चिठ्ठी हलवत होतं.

तिनं पान वाचलं, परत दिलं. "नाय, बदलू नका. त्यांनी लिवलंय ते त्यांच्या नावावर ऱ्हाऊ दे. तुम्ही आता खोडलंत तर ते कधी चुकलेच नव्हते असं व्हईल. खाली माझं उत्तर छापा. माझं नाव घालून."

मी म्हटलं, छापतो.

गाडी एका थांब्यावर उभी राहिली, दोन बायका टोपल्या घेऊन चढल्या, तिनं त्यांची तिकिटं काढली, टोपल्यांवरून त्यांच्याशी थोडं भांडली, घंटी मारली. परत येऊन उभ्यानंच विचारलं, "गुरुजी, ते शून्य कुणी लिवलं हुतं?"

"मी."

"ठावं हाय मला. मी समोरच हुते. मला बघायचं हुतं तुम्ही सांगता का." आणि तिकिटांच्या मशीनचं बटण उगाच दाबत म्हणाली, "मंग खाली तुमचं पण नाव घाला."

मला माहीत आहे, सर, तुम्हाला हे आवडलं नसतं. ज्या पुस्तिकेत तुम्ही एकाही शिक्षकाचे आभार मानले नाहीत, तिच्यात आता तीन नावं एका टिपेत येणार आहेत, आणि तिघांत मान वर ठेवून एकच जण उभं आहे. मी घरी येऊन टीप लिहिली. तुमचं उत्तर आहे तिथंच आहे, भूगोलात, शब्दही हलवला नाही. खाली बारीक अक्षरात: 'या प्रश्नाला पोलादपूर तालुक्यातील विद्यार्थिनी सुजाता हिने स्पर्धेत जे उत्तर दिले ते असे,' आणि तिचं वाक्य, तिच्या शब्दांत. पुढे: 'हे उत्तर बरोबर होते. ते चूक ठरवणारे परीक्षक या पुस्तिकेचे कर्ते उतेकर सर. ते बरोबर आहे हे माहीत असूनही शून्य लिहिणारा, या टिपेचा लेखक जाधव.' तुमच्या आजोबांचं त्यात घातलं नाही. ते तुमच्या मुलाला मी तोंडी सांगेन. सांगायचं कसं ते अजून कळलेलं नाही.

छापखान्यात पान बसवताना अडचण आली. टीप सहा ओळींची झाली आणि पानं वाढवायला मुलाची परवानगी लागेल असं छापखानेवाला म्हणाला. त्यामुळे जगातली सर्वांत लांब नदी कोणती, हा त्याखालचा प्रश्न जागेअभावी गाळला आहे.